रिंग वाढवा

रस्त्याच्या पलीकडून एखाद्या बाईनं नुसता हात वर करून मला हाक मारली, तरी मी तिच्या बांगडीचं माप सांगते. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. गंमत नाही करत. यावर पैजा लागल्यात आणि मी एकदाही हरलेली नाही. लग्न ठरलं की मुलीची आई मापाला म्हणून जुनी बांगडी घेऊन येते. ती मी हातात धरते, मुलीकडे एकदा बघते आणि म्हणते, ही हिची नाही, हिच्या बहिणीची आहे. आणि ती बहिणीचीच निघते. हिंगोलीत आमच्या गल्लीत बांगड्यांची सहा दुकानं, पण बाया माझ्याच पायरीवर नंबर लावून बसायच्या. हे मीच सांगते, कारण बाकीचे पाच दुकानदार काही सांगणार नाहीत.

आम्ही मण्यार. माझ्या सासूनं या दुकानात तीस वर्षं बांगड्या भरल्या, तिच्यामागं मी. दुकान म्हणजे आठ फुटांची खोली, तिन्ही भिंतींना बांगड्यांचे डबे आणि मधोमध जमिनीवर गादी. गादीवर मी, समोर चटईवर गिऱ्हाईक, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. काचेची बांगडी भरायची ती अशीच. हात खाली सैल पडलेला पाहिजे, अंगठा तळव्यात मोडून घेतला पाहिजे आणि बाईला बोलण्यात गुंतवलं पाहिजे. जावई कसा आहे, असं विचारलं की बाई सांगायला लागते आणि तिचं अर्धं मनगट आपोआप ढिलं पडतं. स्टुलावर बसून हे जमत नाही. मी करून बघितलंय. हात वरून येतो, मनगट ताठ राहतं आणि बांगडी वाढते.

वाढते म्हणजे काय ते इथंच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा याच शब्दानं केला. बांगडी फुटली असं आमच्या धंद्यात तोंडातून काढायचं नाही. नारळ जसा वाढवतात तशी बांगडी वाढते. सासूनं पहिल्या आठवड्यात मला दोनच गोष्टी शिकवल्या, हात कसा दाबायचा आणि 'फुटली' कसं म्हणायचं नाही. वीस वर्षांत जिभेला असं वळण लागलं की घरात कप पडला तरी मी म्हणायचे, कप वाढला. माझा नवरा हसायचा.

हिंगोली तेव्हा नुकती जिल्ह्याचं गाव झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या, कचेरीतल्या बाया नव्यानं गिऱ्हाईक झाल्या. मी चाळिशी ओलांडलेली, अंगानं पहिल्यापासून भरलेली. सकाळी नऊला गादीवर बसले की दिवेलागणीलाच उठायचं. कंबर कधी धरायला लागली ते कळलंच नाही. आधी उठताना डब्यांच्या फळीचा आधार लागायचा, मग भिंतीचा, मग गिऱ्हाईकाच्या खांद्याचा. बाया विचारायच्या, भाभी, उठू लागू का? मी म्हणायचे, गप बस, मी काय म्हातारी झाले?

पोळ्याच्या आठवड्यात दुकान भरलेलं होतं. हट्टा गावची एक बाई समोर होती. शेतात राबून तिचा हात टणक झालेला, पण मला त्याचं काही नाही, असे हात मी रोज मऊ करते. चौथी बांगडी तिच्या हाताच्या सांध्यावर असताना माझ्या कमरेत अशी कळ निघाली की माझी बोटं एकदम मिटली. तिच्या हातावर तीन बांगड्या एकाच वेळी वाढल्या आणि काच रुतली. रक्त आलं. ती बिचारी म्हणाली, होतं भाभी, काही तकलीफ न्हाई. मी हळद आणायला उठायला गेले, तर उठताच येईना. दोन बायांनी माझ्या बगलेत हात घालून मला उचललं. सगळं दुकान बघत होतं. बाहेर माझा दीर उभा होता, तोही बघत होता.

हा माझा धाकटा दीर. दुकानाच्याच लगतच्या अर्ध्या गाळ्यात तो पिना, रिबिनी, टिकल्या विकायचा. वर्षभरापासून त्याचा एकच ध्यास होता, गादी काढायची, काचेचं काउंटर लावायचं आणि डब्यातले तयार सेट ठेवायचे. बाईनं डबा उचलावा आणि घरी जाऊन आपल्या हातानं घालावं. भरायची भानगडच नको. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आवर्जून लिहून ठेवते. बाजार कुठं चाललाय ते त्याला माझ्या आधी दिसत होतं. पण त्या संध्याकाळी जेवताना तो बोलला ते माझ्या काळजाला लागलं. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगते.

"भाभी, आता पुरे करा. सुताराला बोलावतो. काउंटरमागं तुमाला खुर्ची टाकतो, पैसे घ्यायला बसा."

माझा नवरा ताटात बघत जेवत राहिला. तो आठवडी बाजार करायचा, सायकलला बांगड्यांचे डबे बांधून गावोगाव जायचा. बाजारात भरपूर बोलायचा म्हणतात, घरात शब्द मोजून. दिराच्या बोलण्यापेक्षा नवऱ्याच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला.

मला खुर्ची! जिच्या हातानं अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या सजल्या तिनं खुर्चीवर बसून सुट्टे पैसे द्यायचे. माघात आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावच्या एका मोठ्या घरच्या लग्नाचा चुडा मी भरायचा, असं ठरलेलं होतं. असा चुडा म्हणजे आधी नवरीचे हात, मग घरातल्या, भावकीतल्या, गल्लीतल्या सगळ्या बायांचे हात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत जमिनीवरून हलायचं नाही. मी म्हणाले, "पुसेगावचा चुडा मी खाली बसून भरीन, अन् कुणाचा हात न धरता उठीन. न्हाई जमलं तर गादी मीच गुंडाळून तुझ्या हातात देते."

दीर म्हणाला, बराबर, तोवर सुतार थांबेल. आणि वर म्हणाला की तो शब्दाचा पक्का आहे, त्यानं काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत. हे बोलणं मला मुळीच खपत नाही. बांगड्या भरल्या म्हणजे माणूस भित्रा, हे ठरवलं कुणी? बांगड्या भरलेल्या हातांनीच या जिल्ह्यातला कापूस घरात येतो. मी त्याला म्हणाले, भर की मग, तुझा हात दोन-आठचा आहे, सकाळी ये, गिऱ्हाईक नसताना भरून देते. तेव्हा कुठं माझा नवरा हसला.

सरकारी दवाखान्यात कमरेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड बराबर आहे, पण वीस वर्षं एका जागी बसून कंबर आखडलीय. चालत जा आणि रोज कंबर गोल फिरवत जा. कंबर गोल फिरवायची म्हणजे काय ते मला काही उमगलं नाही. ते मी आमच्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, सांगलीकडून बदलून आलेल्या, वयानं लहान, मला चाची म्हणायच्या. माप दोन-चार, पण खेळून खेळून हात चिवट. त्या म्हणाल्या, कवायतीला पोरी फिरवतात तसली रिंग घ्या, कमरेभोवती रोज दहा मिनिटं फिरवा. मी पुन्हा डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, दुखेल तिथं थांबा, बाकी खुशाल फिरवा.

दसऱ्याच्या प्रदर्शनीत खेळण्यांच्या दुकानावर रिंगा टांगलेल्या असतात, लाल, पिवळ्या, चमकीच्या. नवऱ्याला घेऊन गेले. दुकानदारानं विचारलं, लेकरू किती वर्षांचं हाय? मी म्हणाले, सगळ्या खाली काढ. आणि निवडायला बसले.

आता गोल वस्तू कशी निवडायची हे माझ्याइतकं कुणाला कळतं? हातातून जेमतेम जाते आणि मनगटावर गेली की जागची हलत नाही, ती मापाची बांगडी. सैल बांगडी कामात आपटते आणि संध्याकाळपर्यंत वाढते. बांगडी हलकी पाहिजे, गुळगुळीत पाहिजे आणि बाईला बघून बरं वाटलं पाहिजे. मी घरून कमरेच्या मापाचा दोरा गाठ मारून आणला होता. तो लावून लावून एकेक रिंग बघितली. माझ्या अंगाभोवती कशीबशी बसेल अशी सगळ्यात लहान, सगळ्यात हलकी, सोनेरी पट्ट्यांची रिंग मी उचलली. दुकानदार म्हणाला, बाई, ही शाळेतल्या पोरींची हाय. मी म्हणाले, तू मला माप शिकवून राहिला काय? तो गप्प झाला. माझा नवरा ती सोनेरी रिंग खांद्यात अडकवून सगळ्या गर्दीतून घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून फजरची नमाज झाली की मागच्या अंगणात, पदर खोचून मी सुरू केलं. रिंग कमरेला लावली, ढकलली, पडली. उचलली, ढकलली, पडली. अर्धा फेरासुद्धा होईना. कंबर एकीकडं जायची आणि रिंग माझ्या पायात. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला बाया एवढ्या सकाळी कधी येत नव्हत्या, त्या यायला लागल्या. माझी जाऊ दार लावून हसायची, पण दार पत्र्याचं. मला वाटायचं, चूक एकच झाली, अजून घट्ट घ्यायला पाहिजे होती.

दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या बाई बांगड्या भरायला आल्या. गावाला निघायच्या घाईत होत्या. तरी म्हणाल्या, दाखवा चाची, कुठवर आलंय. मी त्यांना अंगणात नेलं आणि तीनदा करून दाखवलं. तिन्ही वेळा रिंग पायात. त्या हसल्या आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "अहो चाची, ही रिंग वाढवा. वाढवा, मग बघा कसं मोकळं वाटेल." आणि गेल्या.

माझ्या कानात जसं कुणी शिसं ओतलं. वीस वर्षं माझ्या दुकानात गोल वस्तूला वाढवा म्हटलं की त्याला दुसरा अर्थच नव्हता. मी समजले, बाई शिकलेली आहे, मोडून टाका असं तोंडावर म्हणवलं नाही, म्हणून आमच्या रीतीनं म्हणाली. म्हणजे तिलाही दिसलं की हिच्याच्यानं होणार नाही. मोकळं वाटेल म्हणे! माझा संताप आतल्या आत मावेना. रिंग पायाखाली धरून वाकवली, विळ्यानं चार तुकडे केले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. प्लास्टिकच्या वासानं गल्लीतले चार जण काय जळतंय म्हणून बघायला आले. त्यांनाही मी बोलून घेतलं.

त्याच दिवशी दिराला सांगितलं, सुताराला बोलव, माघाची वाट कशाला बघायची. सुतार आला, टेपनं गादीची जागा मोजली आणि फरशीवर पेन्सिलीनं खुणा करून गेला. लाकूड यायला महिना लागणार होता. तोवर त्या खुणांच्या मधे बसून मी बांगड्या भरत राहिले. गिऱ्हाईक नसलं की डब्यांकडे तोंड करून रडले. याची मला लाज नाही वाटत. ज्या कामात माणसाचं नाव असतं ते हातातून जाताना रडू येणारच.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेच्या बाई आल्या. मी त्यांना या सुद्धा म्हणाले नाही. त्यांच्या ध्यानीमनी काही नाही, चटईवर बसून हात पुढं केला आणि विचारलं, काय चाची, वाढवली का रिंग? मी म्हणाले, वाढवली.

"किती वाढवली?"

"चार तुकडे केले."

त्यांना काही कळेना. तुकडे कशाला, म्हणाल्या. मी म्हणाले, तुमीच तर म्हणाल्या वाढवा, आता काहून इचारता? वाढवून टाकली, चुलीत घातली, पाणी तापवलं, आंघोळ केली. मग त्यांच्या मागं बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना सांगितलं, मण्यारणीला वाढवा म्हणाल्यावर दुसरं काय करील ती. तेव्हा बाईंना उलगडलं. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "चाची, मी मोठी घ्या म्हणत होते. मोठी. ती रिंग तुम्हाला फार लहान होती."

वाढवा म्हणजे मोठी करा. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला अर्थ माझ्या आठ फुटांच्या दुकानात शिरला नव्हता. आधी मी हसले, मग ती म्हातारी हसली, मग बाईंना हसताना ठसका लागला आणि मी त्यांना पाणी दिलं. त्यानंतर त्यांनी मला नीट समजावलं. रिंग जमिनीवर उभी धरायची, ती बेंबीच्या वर, छातीच्या खाली आली पाहिजे. मोठी रिंग सावकाश फिरते, त्यामुळे कमरेला सवड मिळते. नवशिक्या माणसाला थोडी वजनदार बरी, एकदा ढकलली की चालत राहते. आणि गुळगुळीत नको, अंगावरून घसरते.

मी म्हणाले, म्हणजे सगळं बांगडीच्या उलटं. बांगडीनं जागेवर राहायचं असतं आणि रिंगेनं फिरायचं असतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! पण सांगणार कोण, दुकानदारानं सांगितलं तेव्हा मीच त्याला गप्प केलं होतं.

एवढी मोठी रिंग हिंगोलीत मिळेना. मग माझंच डोकं चाललं. चौकात पाईप आणि मोटारींचं दुकान होतं, तिथं विहिरीवरून पाणी न्यायचा काळा पाईप वेटोळी करून ठेवलेला असतो. त्या दुकानदाराची बायको माझं गिऱ्हाईक. तो म्हणाला, भाभी, शेत घेतलं काय? केवढी मोटर बसवायची? मी म्हणाले, मोटर माझी कंबर हाय, तू पाईप दाखव. त्याला वाटलं मी चेष्टा करते. सगळं सांगितल्यावर मात्र त्यानं मन लावून काम केलं. अर्धा इंची, पाऊण इंची आणि एक इंची, असे तीन पाईप कापले. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून टोकं मऊ केली, आत लाकडाची खुंटी ठोकून तिन्ही जोडले. मी तिन्ही रिंगा घरी नेल्या, एक ठेवणार आणि दोन परत करणार, या बोलीवर.

या वेळी मी घाई केली नाही. नवऱ्या मुलीच्या चुड्याला बसावं तशी निवडायला बसले. अर्धा इंची हातात धरली तरी वाकायची, फिरवली की तिचा गोल राहायचा नाही. एक इंची फिरायची छान, पण कमरेच्या हाडावर अशी आदळायची की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं, डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून ती लगेच बाजूला ठेवली. पाऊण इंची ठेवली. पण तीही आधी छातीपर्यंत येत होती, फिरताना मलाच ओढून नेते असं वाटायचं, म्हणून पाईपवाल्याकडे जाऊन चार बोटं कापून आणली. पुन्हा फिरवली. पुन्हा चार बोटं. तिसऱ्या वेळेला तो म्हणाला, भाभी, आता सगळा पाईप कापून दोरीच न्याल. शेवटी बेंबीच्या वर चार बोटं आली तेव्हा मला कळलं, हे माझं माप. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून तिच्यावर गच्च गुंडाळल्या आणि टाके घातले, म्हणजे साडीवरून घसरायला नको.

पहिल्या सकाळी ती पाच फेरे फिरली आणि मग पडली. पाच! मी अंगणात एकटीच ओरडले. मला डझनाची सवय, म्हणून मी फेरेही डझनानं मोजायचे. आठवड्यात एक डझन झाले, महिन्यात चार. संक्रांतीला बांगड्यांची गर्दी असते, तेव्हाही सकाळी सहा डझन करून मगच दुकान उघडलं. दुखलं की थांबायचे, डॉक्टरांचा शब्द मोडला नाही. गच्चीवरच्या बाया आता उघड बघायच्या आणि मोजायला लागायच्या. जाऊ म्हणाली, मला बी एकदा देता का? दिली. तिच्या पायात पडली तेव्हा मी दार लावून हसले नाही, समोरच हसले.

एका सकाळी बघते तर अंगणातली कपड्यांची दोरी हातभर वर बांधलेली. हात वर धरून फिरवताना ती मला आड यायची. कुणी बांधली ते विचारावं लागलं नाही. आणि त्याच आठवड्यात नरसीच्या बाजारातून आलेल्या एका बाईनं सांगितलं की तुमचा मालक तिथं गिऱ्हाइकांना सांगून राहिला होता, माझी बायको विहिरीचा पाईप कमरेवर फिरवते, सहा डझन. घरात न बोलणारा माणूस नरसीत जाऊन हे बोलला. मी रात्री त्याच्या वरणाला दोनदा फोडणी दिली.

सुताराचं लाकूड आलं होतं. मधे मीच माघार घेतली होती, तरी दिरानं ते गाळ्यात उभं करून ठेवलं आणि म्हणाला, ठरलं तसं, पुसेगाव झाल्यावर. तो शब्दाचा पक्काच होता.

माघात पुसेगावला निघाले तेव्हा डबे उचलायला दीरच बरोबर आला. मला ठाऊक होतं तो डब्यांसाठी येत नाही. ओसरीवर घोंगडी टाकलेली होती. मी बिस्मिल्लाह म्हणून बसले आणि नवरीचा हात गुडघ्यावर घेतला. हळदीचा पिवळा, गार पडलेला हात, माप दोन-चार. हिरव्या बांगड्या एकेक सरकत गेल्या. मग तिची आई, मावश्या, चुलत्या, गल्लीतल्या बाया, शाळकरी पोरी. दुपारी जेवायला सुद्धा तिथंच ताट घेतलं. त्या घरच्या शेतात कामाला येणाऱ्या तांड्यावरच्या बाया ऊन उतरल्यावर आल्या, त्यांचे हात भरले. दिवसभरात दोन बांगड्या वाढल्या, त्यातली एक बाईनं हात हिसकला म्हणून. दोन. मी शंभराच्या वर हात भरले असतील.

दिवे लागले आणि शेवटची बाई उठून गेली. डबे बंद झाले. नवरीची आई कामात होती, तिनं सवयीनं मला उठवायला हात पुढं केला. दीर खांबाला टेकून उभा होता. मी तिला म्हणाले, राहू द्या. एक पाय पोटाशी घेतला, दोन्ही तळवे माझ्याच गुडघ्यावर ठेवले आणि उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून क्षणभर तशीच उभी राहिले. कंबर माझी माझ्यापाशी होती. आजूबाजूला पंगतीची गडबड चालू होती, कुणाला काही कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. दिरानं डबे उचलले आणि म्हणाला, चला भाभी, गाडी निघेल.

तेवढ्यात नवरीच्या आईनं आपल्या धाकट्या मुलीला ओढून माझ्यासमोर उभं केलं. पाचवीतली पोर, तोंडात लाडू. "भाभी, हिचा बी चुडा तुमच्याच हातचा पायजे. आत्ताच सांगून ठेवते."

दीर पायरीवर थांबला. मी त्या पोरीचा चिकट हात धरून बघितला. अजून माप धरलेलं नव्हतं. मी म्हणाले, येईन.

गाडीत बसल्यावर दिरानं डबे पायाशी नीट लावून घेतले. मग म्हणाला, काउंटर माझ्या बाजूला लावून घेतो, गादीला हात लावत नाही. मी म्हणाले, लाव, चांगलं पॉलिश करून घे, गिऱ्हाईक माझ्याकडून तुझ्याकडेच जाणार आहे. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः ओल्या फडक्यानं फरशीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या.

त्या पोरीचं लग्न आठ-नऊ वर्षांनी झालं. तोवर मी दोन पाईप झिजवले होते. मी पुसेगावला गेले, सकाळी ओसरीवर बसले, दिवे लागल्यावर उठले. नवरीची आई माझ्यासमोर चटईवर बसून गप्पा मारत होती, तिला काही केल्या उठता येईना. मी तिला हात दिला.